दोन पंप आणि चंद्रभानचे पितर

“हा फिरवून पाहा बरं,” मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागून दादाजी म्हणाले. “लोण्यावानी फिरते.”

चंद्रभानने पाण्याच्या पंपाची दांडी दोन बोटांत धरून फिरवली आणि पंप कानाशी नेला. फिरत लोण्यासारखाच होता. पण आतला पंखा पत्र्याचा होता.

“घरगुती गाडीले ठीक हाये, दादाजी. आमची गाडी पळते. असा पत्र्याचा पंखा पाणी लोटत नाई, नुसतं घुसळते. ताक होते त्याचं.”

“मंग बिडाचा घे. महाग पडन.”

“महागाचं भैयासाहेब पाहतीन.”

भैयासाहेब म्हणजे कृष्णकांत. धंतोलीच्या वकील दत्तोपंतांचा एकुलता मुलगा. तो बाजूच्या स्टुलावर तेलाचा पंप मांडीवर घेऊन बसला होता, लहान मूल घ्यावं तसा. त्याच्या फियाटला त्याने दोन कार्ब्युरेटर लावले होते, इंजिन खोलून मोठं करून घेतलं होतं. घटस्थापनेच्या सकाळी कस्तुरचंद पार्कवरून मोटारींची शर्यत निघणार होती, जंगला-डोंगरातून जबलपूरपर्यंत आणि परत. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली, पण तिच्या पोटातले दोन्ही पंप जुनेच राहिले. एक पाणी फिरवून इंजिनाचा ताप उतरवतो, दुसरा तेल फिरवतो. हिंगणा रोडवर दामटली की पाण्याचा काटा लाल रेषेवर जाई आणि तेलाचा काटा खाली पडे. अशी गाडी कामठी ओलांडून गेली असती तरी नवल.

“चंद्रभान, हा बघ. याच्या आतल्या दातेरी चकत्या लांब आहेत. एका फेरीत जास्त तेल ओढेल.”

“पण लोड येईन भैयासाहेब. पंप फिरवणारं चाक तुटन.”

“नाही तुटत. स्प्रिंग साधीच ठेवायची. दाब वाढवायचा नाही, तेल वाढवायचं. कळलं?”

चंद्रभानने पंप उलटा करून पाहिला, थोडा विचार केला आणि मान डोलावली. भैयासाहेबांचं बरोबर होतं. गाडीच्या बाबतीत त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असे. वीस वर्षं चंद्रभान त्या घरची गाडी चालवत होता, पण वेगाची अक्कल त्याला या पोराने दिली होती आणि हे तो कोणालाही सांगायला लाजत नसे.

माल ठरला. पाण्याचा बिडाच्या पंख्याचा, तेलाचा लांब चकत्यांचा. दादाजींनी सुतळी घेतली. तेवढ्यात कृष्णकांत उठला. “एक फोन करतो,” म्हणाला.

“हो आई... सीताबर्डीतून... नाही गं, कपडे नाही. पंप... पाण्याचा... नाही, विहिरीचा नाही, गाडीचा... हो, नवाच आहे... हो... हो आई... बरं.”

वळणावर ब्रेकला पाय न लावणारा हा माणूस. दर ‘हो’बरोबर त्याचे खांदे एकेक बोट खाली येत होते.

“बांधू नका, दादाजी. पक्ष चालू आहे. घरात नवी वस्तू नको म्हणते.”

“पितरायले पंपाशी काय करा लागते हो?” दादाजी हसले. “का वरतं रॅली हाये त्यायची?”

कृष्णकांत हसला नाही. दत्तोपंतांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं आणि हा त्यांचा पहिलाच पक्ष होता. त्याची आई यमुताई म्हणतील ती त्या घरात पूर्व दिशा. दत्तोपंत असतानाही तीच होती.

*

बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. डावीकडच्या दारावर धोंडबा पेंटरने कालच नावं लिहिली होती. वर कृष्णकांतचं, आडनावासकट. खाली नुसतं ‘चंद्रभान’. धोंडबाने आडनाव विचारलं होतं, पण भैयासाहेब म्हणाले, “तेवढं पुरे, जागा कमी आहे.” दारावर जागा चिक्कार होती. चंद्रभानला त्याचं काही वाटलं नाही. वीस वर्षं त्या घरात त्याचं नाव ‘ड्रायव्हर’ होतं. दत्तोपंत तर ‘अरे ए’ म्हणत. आता शर्यतीत तो भैयासाहेबांच्या शेजारी बसणार होता, वाटेत गाडी बिघडली तर दुरुस्त करायला. आणि पार्कवर जमलेल्या हजारो माणसांना दिसणार होतं की या गाडीत चंद्रभान नावाचा माणूस आहे. रंग अजून हाताला चिकटत होता. येता-जाता तो बोट लावून पाही.

“जुना पंप चालेल का, आई?” कृष्णकांतने विचारलं.

यमुताई पोर्चलगतच्या ओट्यावर लाल भोपळा चिरत होत्या. “जुना चालेल. जुन्याला दोष नाही.”

म्हणून चंद्रभान कामठी रोडच्या भंगारवाल्यांकडे जाऊन आला. टॅक्स्यांचे, अपघातातल्या गाड्यांचे पंप ढिगाने पडले होते. कोणाची दांडी हलत होती, कोणाच्या चकत्यांवर ओरखडे. त्यातून शर्यतीसाठी पंप निवडायचा म्हणजे मसणातून नवरदेव निवडायचा. तो रिकाम्या हाताने परत आला आणि तसं सांगितलं.

यमुताईंची विळी थांबली.

“मग सोपं आहे. चंद्रभानला घेऊ दे. पैसे आपले, खरेदी त्याची. त्याच्याच घरी नेईल, तिथेच बसवेल. मग गाडी थोडी फिरवून आणा. एकदा वापरली म्हणजे जुनीच झाली की ती वस्तू. आपल्या फाटकातून जुनी होऊनच आत येईल.”

कृष्णकांतचा चेहरा उजळला. शिकलेल्या माणसाला शास्त्रातून पळवाट मिळाली की विज्ञानाचा शोध लागल्यासारखा आनंद होतो.

“चंद्रभान,” यमुताई म्हणाल्या, आवाजात माया होती, “तुमच्यात काही एवढं पाळत नाहीत ना?”

परवाच अष्टमीला चंद्रभानने कौलावर घास ठेवला होता. बाप शालिकरामची तिथी अष्टमीची. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, तोच लाल भोपळा. कावळा येईपर्यंत घरातल्या कोणी तोंडात पाणी घेतलं नव्हतं. पक्षात त्याच्या घरी नवा झाडू येत नाही, नवी चप्पल येत नाही. हे सगळं त्याच्या ओठापर्यंत आलं.

त्याने गाडीच्या दाराकडे पाहिलं.

“नाई ताई,” तो म्हणाला. “आमच्यात कायचं एवढं.”

असं एका वाक्यात त्याने आपल्या बापाला, आज्याला, पणज्याला त्या ओट्यावरून हाकलून दिलं. यमुताई पुन्हा भोपळा चिरू लागल्या.

*

सक्करदऱ्यात तलावाच्या अलीकडे त्याचं घर होतं. दोन खोल्या, कौलं, समोर लिंबाचं झाड. दोन डबे घेऊन तो आत येऊ लागला तर रुखमाबाई दारात आडवी उभी राहिली.

“काय हाये त्याच्यात?”

“पंप.”

“नवे?”

“लोखंड हाये वं. गाडीचं.”

“नवे काय, ते इचारून राह्यली मी. त्यायच्या घरी काहून नाई नेले?”

त्याने डबे काखेत सरकवले. रुखमाबाईने बंगल्यात काही वर्षं भांडी घासली होती. तिला न सांगता कळलं.

“त्यायचे पितर रागावते, अन् आपले पितर हासते काय? त्यायचा कोप ठेवाले हे गोडाऊन हाये का? अन् तुमी हो म्हटलं?”

“दारावर नाव लिवलं त्यायनं माह्यं.”

“मंग त्याच दारातून घेऊन जा ते डबे.”

“येऊ दे वं रुखमे,” आतून खाटेवरून म्हातारी बोलली. चंद्रभानची आई, भागीरथा. दोन वर्षांपासून ती खाट सोडून फारशी उठत नव्हती, पण कान शाबूत होते आणि जीभ त्याहून. “लोखंडच हाये. सोन्याचा गोफ थोडी हाये? तुह्या सासऱ्याले मी सांगीन समजावून.”

“कवा सांगसान?”

“भेटन तवा.” म्हातारी बोळक्या तोंडाने खदखदली. “मले पाहून तसाई भेते थो.”

रुखमाबाई बाजूला झाली. पण तिने डबे घरात ठेवू दिले नाहीत. ते लिंबाखाली गोणपाटावर राहिले.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत गाडी घेऊन आला. खोटं कशाला सांगा, पोरगा मनाचा वाईट नव्हता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चंद्रभानच्या बरोबरीने गाडीखाली शिरला. दोघांनी मिळून इंजिनाखालची तेलाची तळकढई सोडली. काळ्या तेलात दोघांचे हात सारखेच काळे झाले. रुखमाबाईने दिलेला चहा त्याने बशीत ओतून प्यायला. अशी माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. तोंडावर थुंकता तरी आलं असतं.

तेलाचा नवा पंप कोरडा असतो. तसाच बसवला तर इंजिन सुरू होताना पहिले काही क्षण तो हवाच ओढत बसतो आणि तेवढ्यात आतलं लोखंड लोखंडाला खातं. म्हणून त्याच्या चकत्यांत आधी व्हॅसलीन ठासून भरतात. पंप त्याला धरून तेल ओढतो, आणि इंजिन तापलं की ते वितळून तेलात मिसळून जातं. चंद्रभान हे विसरला नव्हता. पण डबी आणायची राहिली होती.

“नाक्यावरून एक व्हॅसलीनची डबी आणतो,” तो म्हणाला.

“आता अजून एक नवी वस्तू?” रुखमाबाई म्हणाली. “आणसान तर पाहा.”

घरात एक डबी होती. लेकीने हिंगण्याहून येताना आजीसाठी आणलेली. म्हातारीच्या टाचांना भेगा होत्या, सुकलेल्या तळ्यासारख्या, बोट शिरेल अशा. चंद्रभान रोज संध्याकाळी तिच्या पायाशी बसे आणि त्या भेगांत व्हॅसलीन भरे. तेवढा वेळ म्हातारी डोळे मिटून पडे आणि गावाकडच्या कोणाकोणाची नावं घेई.

तो खाटेजवळ जाऊन उभा राहिला. मागायचं कसं ते कळेना.

“ने ना बाबू,” म्हातारीच म्हणाली. “ऐकलं मी. माह्ये पाय कुठं जाऊन राह्यले आता?”

“पक्ष सरला का नवी आणतो, माय.”

“आण.”

त्याने डबी बोटाने निपटून काढली. चकत्यांच्या दातांत, कोपऱ्यांत सगळं भरलं. पंप चढला, तळकढई चढली, समोर पाण्याचा पंप बसला, पट्टा ताणून झाला. कृष्णकांतने चावी फिरवली. तेलाचा काटा हलला. चढला. वर जाऊन थांबला आणि तिथेच राहिला.

“चंद्रभान!” कृष्णकांत ओरडला. “बस! बस आत!”

कोराडीपर्यंत गेले ते. पंप जुने करायला. आयुष्यात पहिल्यांदा चंद्रभान त्या गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला बसला होता. कोळशाचे ट्रक मागे पडत होते, राखेची धूळ काचेवर येत होती, पॉवर हाऊसच्या चिमण्या पुढून येऊन बाजूने निघून जात होत्या. तो रस्ता बघतच नव्हता. तो दोन काटे बघत होता. दोन्ही खिळ्याने ठोकल्यासारखे.

“बघतोस काय, नवरी आहे का ती?” कृष्णकांत हसत ओरडला.

“नवरी नाई भैयासाहेब. बिडाची हाये. तोंड नाई वाकडं करत.”

दोघेही पोट धरून हसले. येताना वाटेत एका टपरीवरच्या पोरांनी दारावरची नावं मोठ्याने वाचली. खालचंही वाचलं. चंद्रभानने ऐकलं.

ते सक्करदऱ्यात शिरले तेव्हा लिंबाखाली माणसं उभी होती. गाडीला वाट करून दिली तेवढीच.

म्हातारीला खाटेवरून खाली घेतलं होतं. तोंडावर तुळशीचं पान. रुखमाबाई उशाशी बसली होती. ती रडत नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“त्याले सांगाले गेली,” ती म्हणाली.

*

ऐंशीच्या घरातली बाई. दोन वर्षं खाटेवर. केव्हातरी जायचीच. डॉक्टर हेच म्हणाला असता, पंचांग बघणारा भटजी तर म्हणाला, पक्षात गेली, भाग्यवान, स्वर्गाचं दार उघडंच असतं. हे सगळं चंद्रभानलाही ठाऊक होतं. पण रुखमाबाईचं वाक्य त्याला खोडता येईना. तिला खोटं ठरवायचं तर पितर नसतात म्हणावं लागलं असतं. आणि पितर असतात म्हटलं, तर आपण बंगल्यात काय बोललो ते आठवत होतं. दोन्हीकडून दार बंद.

अंघोळ घालताना त्याने आईचे पाय धरले. टाचा कोरड्या होत्या. त्याच्या नखांत गाडीचं काळं तेल होतं, ते कितीही धुतलं तरी निघालं नव्हतं. पायांवर डाग पडू नयेत म्हणून तो हात आखडून पाणी घालत राहिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आला तर गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी. कृष्णकांत नालीच्या पलीकडे थांबला होता. नालीच्या अलीकडे आला नाही.

“फार वाईट झालं रे,” तो म्हणाला. त्याचे डोळे खरंच ओले होते.

“हो भैयासाहेब.”

“रॅली परवा आहे.”

“मी येतो ना. दिवस मागून करीन. भाऊ हाये गावाकडून आलेला, थो बसन.”

कृष्णकांत चप्पल मातीत घासत राहिला. “सुतक आहे ना तुला. आई म्हणते, घटस्थापनेचा दिवस, आणि सुतकातला माणूस शेजारी... माझं काही नाही रे. तुला माहीत आहे, मी मानत नाही.”

“मानत नाई ना?”

“नाही.”

“मंग?”

नालीतलं पाणी तेवढं वाहत होतं.

“अन् गाडीले?” चंद्रभानने विचारलं. “गाडी तर त्याच दिवशी माह्या अंगणात उभी होती. माह्ये हात लागले तिले.”

“गाडीवर गोमूत्र शिंपडलं आईने.”

“मंग मलेही शिंपडा ना, भैयासाहेब.”

तो चिडून बोलला नव्हता. अगदी सरळ विचारलं होतं, पट्टा किती ताणू असं विचारावं तसं. कृष्णकांतने मान खाली घातली. कोराडीला एक चक्कर मारली की नवा पंप जुना होतो. मेलेली आई कशानं जुनी होते, याची पळवाट यमुताईंनी काढली नव्हती. काढायची गरज कोणाला होती?

कृष्णकांत गाडीत बसला. गाडी वळवली तेव्हा डावीकडचं दार चंद्रभानला दिसलं. आडनावासकटचं नाव जागच्या जागी होतं. त्याच्याखाली टर्पेंटाइनचा पुसट पांढुरका ढग. कोणाचं तरी दुसरं नाव यायचं होतं तिथे. धोंडबा पेंटरचा हात चांगला, रंग पक्का. पुसताना बराच जोर लागला असणार.

घटस्थापनेच्या सकाळी चंद्रभान मुंडण केलेलं डोकं भिंतीला टेकवून बसला होता. पार्कवरचा आवाज सक्करदऱ्याला येत नाही. तरी तो कान देऊन बसला होता. रुखमाबाईने एकदा आतून पाहिलं आणि परत कामाला लागली.

गाडी जबलपूरला जाऊन आली. कप घेऊन आली. पेपरात फोटो आला, कृष्णकांत आणि कोणी एक इंजिनीयर मित्र, दोघांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. सगळ्या वाटेत काटा एकदाही हलला नाही म्हणे. दादाजींनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, पंप माह्याकडचे. कोणी बसवले ते कोणी विचारलं नाही, मग सांगणार तरी कोण?

*

तेरवी झाली. दसरा गेला. चंद्रभान टोपी घालून कामावर रुजू झाला.

“आलास? बरं झालं,” यमुताई म्हणाल्या. “मनाला लावून घेऊ नकोस हो. गाडीचं तेल बदलायचं आहे म्हणत होता कृष्णा.” आणि ताटलीत कपाच्या आनंदाचे दोन पेढे दिले.

त्याने गाडी मागच्या अंगणात घेतली. घमेलं लावलं, तळाचा बोल्ट सोडला. तेल काळं, दाट, कोमट, सरळ दोरीसारखं खाली आलं. डबीतलं व्हॅसलीन त्यातच वितळून मिसळलं होतं. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो उकिडवा बसून राहिला. मग नवं तेल भरलं, बोल्ट दोनदा तपासला, पट्ट्यावर बोट दाबून पाहिलं. नीट केलं सगळं. हातात कसर ठेवायची त्याला ठाऊकच नव्हती.

“जुनं तेल फेकून दे पलीकडे,” कृष्णकांत वरून म्हणाला.

“घरी नेऊ का, भैयासाहेब?”

“ने की. काय करणार?”

“लाकडाले लावतो. वाळवी नाई लागत.”

संध्याकाळी सक्करदऱ्यात येऊन त्याने सायकलच्या हँडलला लटकवलेला तेलाचा डबा उतरवला. चिंधी घेतली. दाराच्या चौकटीला खालपासून तेल लावू लागला. उंबरठा, मग उभी लाकडं. लाकडाला जिथे जिथे भेगा होत्या तिथे चिंधी बाजूला ठेवून बोटाने आत भरत होता, हळूहळू.

रुखमाबाई पाण्याची घागर घेऊन आली आणि थबकली. डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“काय हाये हे? काय आणलं घरात?”

तो वळला नाही. बोट भेगेतच होतं.

“जुनं हाये वं,” तो म्हणाला. “नवं नाई.”

ती घागर खाली ठेवून, ओल्या उंबरठ्यावर पाय न देता, बाहेरच उभी राहिली.